‘मानधन’ हा शब्द मागे ठेवून या

ऑस्ट्रेलियात येऊन समाजकार्य करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितेय. तुमच्यापैकी बहुतेकांनी समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेलं असेल, बचत गट बांधले असतील, गावबैठका घेतल्या असतील. म्हणून सोशल एंटरप्राइझ म्हणजे काय आणि लोकसहभाग कशाला म्हणतात, हे मी सांगत बसत नाही. मी तुळजापूरला शिकले, सहा वर्षं मराठवाड्यात बायकांच्या गटांबरोबर काम केलं आणि २०२२ च्या सुरुवातीला नवऱ्याबरोबर ४९१ व्हिसावर, म्हणजे मोठ्या शहरांबाहेर राहून काम करण्याच्या व्हिसावर, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या शेपर्टनला आले. मेलबर्नच्या उत्तरेला साधारण १८० किलोमीटरवरचं हे गाव. आजूबाजूला नाशपाती आणि पीचच्या बागा, फळं डबाबंद करण्याचा जुना उद्योग, आणि इराक, अफगाणिस्तान, सुदान, काँगोतून आलेली कितीतरी कुटुंबं. आपल्या कामाला माणसांची कमतरता नाही.

नोकरीबद्दल थोडक्यात. गाडी चालवायला शिका, बाकी सगळं नंतर. पोलीस चेक आणि वर्किंग विथ चिल्ड्रन चेक (मुलांबरोबर काम करण्यासाठीची तपासणी) आधीच करून ठेवा. जागा बहुतेक अर्धवेळ असतात आणि ग्रँट असेपर्यंतच टिकतात. एका वर्षाचं कंत्राट हातात आलं म्हणून आपलीच लायकी कमी आहे असं समजू नका, इथल्या मुरलेल्या लोकांचंही तेच चालू असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये गोलबर्न नदीला मोठा पूर आला. शेपर्टनच्या सखल भागात पाणी आलं, पलीकडच्या मूरूप्नात घरंच्या घरं पाण्यात गेली. मी काम करते त्या संस्थेशी जोडलेल्या नऊ बायकांनी एका हॉलच्या स्वयंपाकघरात रांधायला सुरुवात केली. भात, डाळ, बोलानी म्हणजे अफगाणी भरली पोळी, मोठ्या पातेल्यात चिकन. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, कोणी पैशाचा विषय काढला नाही. ते खरं श्रमदान होतं, आणि आजही त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

पाणी ओसरलं, पण जेवणाची चव लोकांच्या लक्षात राहिली होती. कार्यालयांतून, शाळांतून ऑर्डरी यायला लागल्या. मी ग्रँटचा अर्ज लिहिला, भांडी आणि फ्रीज घेतले, कौन्सिलकडे स्वयंपाकघराची नोंदणी केली, दोघींना अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण दिलं. मग रोस्टर, म्हणजे कामाच्या वेळांचा तक्ता केला: मंगळवार आणि गुरुवार, सकाळी आठ ते दुपारी दोन. ऑर्डरीचे पैसे संस्थेच्या खात्यात जायचे. बायकांना दर आठवड्याला सुपरमार्केटचं पन्नास डॉलरचं गिफ्ट कार्ड. कागदावर त्या सगळ्या व्हॉलंटिअर होत्या. माझ्या मनात त्या कार्डाला एकच शब्द होता, मानधन.

हा शब्द कुठून आला ते मला पक्कं माहीत आहे. माझी आई अंगणवाडी सेविका. तिला दरमहा मिळायचं ते मानधन. त्याला पगार म्हणावं म्हणून ती मोर्चांना गेली, उन्हात बसली. आणि तिची मुलगी समुद्रापलीकडे येऊन नऊ बायकांना मानधन वाटत होती. हे लिहितानाही गळा दाटतो.

सात महिने हे चाललं. मग एका गुरुवारी एकीच्या मनगटावर गरम तेल उडालं. जखम भरली, पण आमच्या समितीवरच्या एका निवृत्त बुककीपर बाईंनी विचारलं, ही कोणाच्या विम्यात बसते? मी म्हटलं, व्हॉलंटिअर आहे. त्यांनी रोस्टर मागवलं, दहा मिनिटं वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या की या बाया कामगार आहेत.

हे नीट समजून घ्या, पुन्हा वाचावं लागलं तरी वाचा. एखादी व्यक्ती व्हॉलंटिअर आहे की कामगार, हे तिने सही केलेल्या फॉर्मवरून ठरत नाही. तुम्ही तिला काय म्हणता यावरूनही ठरत नाही. प्रत्यक्षात काय चाललंय ते बघतात. ठरलेल्या वेळी यावंच लागतं का? न आल्यास कळवावं लागतं का? त्या कामातून संस्थेला विक्रीचं उत्पन्न मिळतं का? तेच काम दुसऱ्या ठिकाणी पगारी माणूस करतो का? कामाच्या बदल्यात काही मिळेल अशी तिची अपेक्षा आहे का? आमच्याकडे सगळ्याचं उत्तर ‘हो’ होतं. माझं रोस्टर हाच सर्वांत मोठा पुरावा होता. पेट्रोलची पावती घेऊन तेवढेच पैसे परत देणं चालतं. दर आठवड्याला, कामाच्या दिवसांप्रमाणे दिलेलं गिफ्ट कार्ड मात्र मोबदलाच दिसतो, आणि तोही किमान वेतनापेक्षा कितीतरी कमी. उद्देश चांगला होता, संस्था नफ्यासाठी नव्हती, एवढ्यावरून कामगार व्हॉलंटिअर ठरत नाही.

कामगार म्हटल्यावर त्या क्षेत्राचं अवॉर्ड लागू होतं, म्हणजे वेतनाचे कायदेशीर दर. कॅज्युअल असेल तर वर २५ टक्के, शनिवार-रविवारचा दर वेगळा. सुपर, म्हणजे निवृत्तीसाठीची रक्कम, जुलै २०२५ पासून १२ टक्के. कामावरच्या दुखापतीचा विमा, पेस्लिप, कर. जाणूनबुजून वेतन बुडवणं १ जानेवारी २०२५ पासून संघीय कायद्यात फौजदारी गुन्हा आहे. आमची चूक त्याआधीची आणि अजाणतेपणी झालेली, पण तुम्ही हे वाचलंत, म्हणजे अजाण राहिला नाहीत.

आम्ही रोस्टर आणि व्हॉट्सॲपचे जुने मेसेज काढून प्रत्येकीचे तास मोजले. ग्रँटचा पैसा यासाठी वापरता येत नव्हता, तो करारात लिहिलेल्या सामानासाठी होता. संस्थेच्या शिलकीतून थकबाकी दिली. समितीसमोर उभं राहून मी सांगितलं की ही चूक माझी आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग जेवणाच्या डब्याचा भाव नव्याने काढला. तेरा डॉलरचा डबा एकोणीसवर गेला. तीन नेहमीचे ग्राहक तुटले. त्यांना दोष देता येत नाही, स्वस्त डबा आम्हीच दाखवला होता, बायकांच्या फुकट तासांवर उभा केलेला. जो उद्योग मजुरी धरल्यावर तोट्यात जातो, तो आधीही तोट्यातच होता, तोटा फक्त बायकांच्या वाट्याला आला होता. नव्या माणसाला शिकवण्यात जे जादा तास जातात, ते विक्रीतून निघत नाहीत. त्यासाठी ग्रँट मागा, उघडपणे, त्याच नावाने. आणि गिऱ्हाईक शोधताना सरकारी खरेदीकडे बघा. २०१८ पासून व्हिक्टोरिया सरकारच्या खरेदीत सामाजिक फायदाही विचारात घेण्याचं धोरण आहे. सोशल एंटरप्राइझना प्रमाणपत्र देणाऱ्या सोशल ट्रेडर्स या संस्थेचं प्रमाणपत्र त्या दारात उपयोगी पडतं, मात्र त्याला उत्पन्नाचा मोठा भाग विक्रीतूनच यावा लागतो.

सेंटरलिंकचंही, म्हणजे भत्ते देणाऱ्या सरकारी यंत्रणेचंही बोलते, कारण बायका त्यालाच सगळ्यात घाबरतात. पगार सुरू झाला की भत्ता बंद, अशी अफवा असते. जॉबसीकर या बेकारी भत्त्यावर पंधरवड्याला १५० डॉलरपर्यंतच्या कमाईने भत्ता कमी होत नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने घटतो. कमाई कळवावीच लागते, थकबाकी एकदम मिळाली तर तीही. फॉर्म भरताना शेजारी बसा.

कोणी म्हणेल, एवढं काय, बायका खूश होत्या ना? ही जमीन योर्टा योर्टा या इथल्या आदिवासी लोकांची आहे. फेब्रुवारी १९३९ मध्ये मरे नदीपलीकडच्या कमेरागंजा वसाहतीतून शंभराहून अधिक माणसं तिथल्या वागणुकीला कंटाळून निघाली आणि नदी ओलांडून व्हिक्टोरियात आली. पुढे कित्येक कुटुंबं शेपर्टन आणि मूरूप्नामधल्या पूरमैदानावर पाल ठोकून राहिली. त्यांची मुलं-नातवंडं आज तुमच्या बैठकीत समोर बसलेली असतात. ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणत लोकांचे कष्ट आणि पैसा ताब्यात ठेवण्याचा इतिहास या देशात जुना आहे. क्वीन्सलँड राज्याच्या सरकारला आदिवासी मजुरांच्या रोखून धरलेल्या पगारांपोटी २०१९ मध्ये १९ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. हे माहीत असलेल्या माणसासमोर गिफ्ट कार्ड ठेवताना तुमचा हात थांबेल.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत ठाम आहे. मेलबर्नहून झूमवर तीन सत्रं घेऊन ‘स्ट्रॅटेजी’ देणाऱ्यांपेक्षा गावातली एक निवृत्त बुककीपर शोधा, जी तुमच्या वह्या उघडून बघेल. पैसे घेऊन ग्रँटचे अर्ज लिहून देणाऱ्यांपासून लांब राहा. त्या अर्जात दिलेलं वचन त्यांना पाळायचं नसतं, तुम्हाला पाळायचं असतं. आणि ‘स्थानिक अनुभव’ मिळावा म्हणून स्वतः वर्षभर फुकट राबू नका. आठवड्यातून चार तास, तीन महिने, मग सरळ विचारा की पगारी जागा आहे का.

घाबरवायला लिहीत नाही. आपण जे शिकून येतो त्याला इथे मोल आहे. सगळ्यांसमोर हिशेब वाचून दाखवायची बचत गटाची सवय आमच्या समितीला फार आवडली. १९९८ मध्ये मोठ्या बँकांनी शाखा बंद केल्यावर रुपन्यप आणि मिनिप या दोन छोट्या गावांनी भांडवल जमवून बेंडिगो बँकेबरोबर पहिली कम्युनिटी बँक उभी केली. ती गोष्ट ऐकली तेव्हा मला आमच्या गटांची लोखंडी पेटी आठवली. फरक एवढाच की तिथे काउंटरवर बसणाऱ्याला पहिल्या दिवसापासून पगार होता.

नऊपैकी पाच जणी आज आमच्या पगारपत्रकावर आहेत. दोघी वृद्धसेवेच्या कामाला लागल्या. तेलाने भाजलेली ताई अडीच वर्षं नणंदेच्या घरी चार मुलांसह एका खोलीत राहत होती, कारण भाड्याच्या प्रत्येक अर्जाला पेस्लिप मागायचे आणि तिच्याकडे ती नव्हती. पगार सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात ती माझ्या टेबलाशी आली. सगळ्या पेस्लिपच्या दोन-दोन प्रती काढून दे म्हणाली, एक अर्जाला जोडायला आणि एक स्वतःजवळ ठेवायला.