समुद्री सूक्ष्मजीवांपासून अँटिऑक्सिडंट: या चुका टाळा

समुद्राच्या गाळातून वेगळा केलेला जिवाणू वाढवला, अर्क काढला, जांभळं डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट तपासायचं रंगीत चाचणीद्रव्य) पिवळं पडलं, की काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण त्या पिवळ्या रंगाचं श्रेय पुष्कळदा जिवाणूचं नसतंच.

पहिला संशय माध्यमावर घ्या. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पेप्टोन (माध्यमातले पोषक घटक) स्वतःच मुक्त मूलकं, म्हणजे डीपीपीएचसारखे चटकन अभिक्रिया करणारे रेणू, शमवतात. त्यात साखर असेल तर १२१ अंश सेल्सिअसला ऑटोक्लेव्ह करताना ती अमिनो आम्लांशी अभिक्रिया करते, आणि त्यातून बनणारी तपकिरी द्रव्यंही तेच करतात. म्हणून सूक्ष्मजीव न टाकलेलं माध्यम तितकेच दिवस, त्याच तापमानाला ठेवून त्याचाही अर्क काढा. पेशी धुताना साधं डिस्टिल्ड पाणी नको, मिठाचं योग्य प्रमाणातलं द्रावण घ्या. अनेक समुद्री पेशी गोड्या पाण्यात फुगून फुटतात आणि हवा असलेला माल धुवणात निघून जातो.

रंगीत अर्कांची गंमत वेगळी. डीपीपीएच मोजतात ५१७ नॅनोमीटरला, आणि नारिंगी-लाल कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचं प्रकाश-शोषण तिथपर्यंत पसरलेलं असतं. अर्काचा स्वतःचा रंग वजा केला नाही, तर चांगला नमुनाही निकामी दिसतो. डीपीपीएचशिवायचा, फक्त अर्काचा तुलना-नमुना (ब्लँक) ठेवा, किंवा ७३४ नॅनोमीटरला मोजली जाणारी एबीटीएस ही दुसरी रंगचाचणी जोडीला घ्या. तरी परीक्षानळीतल्या आकड्यावरून आरोग्याचे दावे करू नका. ओआरएसी या परीक्षानळीतल्या अँटिऑक्सिडंट चाचणीच्या मूल्यांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नाही म्हणून अमेरिकेच्या कृषी विभागाने त्यांची यादी २०१२ मध्ये मागे घेतली.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे मिथेनॉलमधला निकाल जसाच्या तसा खाद्यपदार्थाला लावणं. निव्वळ तेलात बऱ्याचदा पाण्याकडे ओढ असलेली द्रव्यं चांगली चालतात. तेल-पाण्याच्या इमल्शनमध्ये उलट, तेलात विरघळणारी सरस ठरतात. हा नियम दर वेळी पाळला जातोच असं नाही, म्हणून ज्या पदार्थात घटक घालायचा त्यातच खवटपणा तपासा. पेरॉक्साइड मूल्य (तेल बिघडताना आधी बनणाऱ्या पेरॉक्साइडचं माप) घटलं म्हणून आनंदू नका. पेरॉक्साइड फुटून त्यांचे अल्डिहाइड झाले तरी ते घटतं, आणि खवट वास तर अल्डिहाइडचाच असतो. म्हणून अल्डिहाइड दाखवणारं अ‍ॅनिसिडीन मूल्य सोबत हवंच.

एवढं करूनही खवटपणा वाढतोच आहे? मात्रा दुप्पट करण्याआधी अर्कातलं लोह आणि तांबं मोजा. हे धातू ऑक्सिडीकरण भडकवतात आणि मात्रेबरोबर तेही वाढतात. शिवाय काही अँटिऑक्सिडंट जास्त झाले की उलटे फिरतात. अल्फा-टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्वाचं एक रूप) हे त्याचं ठळक उदाहरण. लोह कधी फर्मेंटरमधूनच (जिवाणू वाढवायच्या टाकीतून) येतं, कारण समुद्री माध्यमातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडतं. शायझोकायट्रियम हा समुद्री सूक्ष्मजीव वाढवताना मिठाच्या जागी सोडियम सल्फेट वापरतात ते यासाठीच.

क्लोरोफॉर्म विषारी, खाद्यपदार्थाला चालत नाही, म्हणून त्याने काढलेल्या अर्काचे आकडे घेऊन पुढे जाऊ नका. इथेनॉल किंवा सुपरक्रिटिकल (उच्च दाबाखालच्या, द्रावकासारख्या वागणाऱ्या) कार्बन डायऑक्साइडने किती हाती लागतं ते सुरुवातीलाच पाहा. रंगद्रव्य असेल तर उजेड आणि हवा टाळा.

दहाव्या बॅचला क्रिया ओसरली तर माध्यमाआधी कल्चर तपासा. पुनःपुन्हा उपसंवर्धन केल्याने (नव्या माध्यमात पुढे वाढवत राहिल्याने) चांगला स्ट्रेनही (जिवाणूचा वाणही) गुण गमावतो. पहिल्याच दिवशी ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना साठा करून ठेवलेला असेल तर निभावतं.

जाता जाता, ‘समुद्री’ हा शब्द जपून वापरा. अ‍ॅस्टाझँथिन या लाल कॅरोटिनॉइडसाठी गाजलेलं हिमॅटोकॉकस हे गोड्या पाण्यातलं शैवाल आहे.

राहिली परवानगी. युरोपीय संघात १५ मे १९९७ पूर्वी फारसा खाण्यात नसलेला घटक ‘नवीन अन्न’ धरला जातो आणि त्याचं सुरक्षिततेचं मूल्यमापन करावं लागतं. व्हिब्रिओसारख्या गटातला, रोगकारक भाईबंद असलेला जिवाणू निवडला तर ती वाट फार अवघड होते. संपूर्ण जीनोम वाचून विषद्रव्यांची आणि प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं शोधणं हे स्ट्रेन निवडतानाच उरकून घ्या.