डिजिटल ट्विनच्या कामात नवे आहात? आधी घड्याळं तपासा

डिजिटल ट्विन म्हणजे स्क्रीनवर गोल फिरणारं थ्रीडी मॉडेल नव्हे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते खऱ्या यंत्राच्या डेटावर चालणारं त्याचं संगणकातलं प्रतिरूप. यंत्राचा डेटा आपोआप येतो पण उलट काहीच जात नाही, ती नुसती डिजिटल शॅडो. मॉडेलचा निष्कर्ष यंत्रापर्यंत परत पोचला तर ट्विन. मुलाखतीत हा फरक विचारतात. ही कल्पना कुठून आली (मायकेल ग्रीव्ह्ज, २००२, नासा) हा इतिहासही विचारतात. तो एका संध्याकाळी होतो.

माझे महिने खाल्ले ते टाइमस्टॅम्पने, म्हणजे प्रत्येक रीडिंगवर लागणाऱ्या वेळेच्या शिक्क्याने. चाकणच्या एका कारखान्यात कूलिंग वॉटर पंपाचं ट्विन करत होतो. व्हॉल्व्ह उघडला की फ्लो वाढतो, यात अवघड काय? पण आमच्या ग्राफवर फ्लो आधी वाढायचा आणि व्हॉल्व्ह मागाहून उघडायचा. सगळे मॉडेलवर तुटून पडले, घर्षणाचे गुणांक बदलून बदलून जुळवाजुळव सुरू. मॉडेल बरोबरच होतं! फ्लोच्या रीडिंगवर पीएलसीची (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरची) वेळ होती आणि व्हॉल्व्हच्या रीडिंगवर, ते गेटवेच्या (डेटा गोळा करून पुढे पाठवणाऱ्या पेटीच्या) हाती पडलं तेव्हाची. मॉडबस या यंत्रांच्या संवादाच्या प्रोटोकॉलमध्ये मुळात वेळ येतच नाही. वाचणारा आपली वेळ लावतो. त्यात नेटवर्क गेलं की गेटवे रीडिंग साठवतो आणि परत आलं की एका दमात ओततो. मग दहा मिनिटांची हालचाल एका सेकंदात घडल्यासारखी दिसते. पीएलसी एनटीपीला (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणाऱ्या सेवेला) जोडलेला नसेल तर त्याचं घड्याळ हळूहळू सरकतं ते वेगळंच. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि भारतीय वेळेतला साडेपाच तासांचा घोळ परवडला, तो लगेच डोळ्यात भरतो. वीस सेकंदांचा भरत नाही. मॉडबसऐवजी ओपीसी यूए हा प्रोटोकॉल असेल तर सोर्स टाइमस्टॅम्प, म्हणजे रीडिंग जिथे जन्मलं तिथली वेळ, मागा, सर्व्हरच्या वेळेवर भागवू नका. आणि थर्मोवेलमधला (पाइपात बसवलेल्या संरक्षक नळीतला) सेन्सर तापमान उशिरा सांगतो तो उशीर खराच असतो. तो पुसायचा नाही, मॉडेलमध्ये धरायचा.

तयार प्लॅटफॉर्मचे टेम्प्लेट मला पटत नाहीत. ते हा सगळा गोंधळ देखण्या डॅशबोर्डखाली झाकतात. मेंटॉर शोधताय? सर्टिफिकेटवाल्यांच्या मागे लागू नका, प्लांटमधल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाला चहा पाजा. कुठला ट्रान्समीटर खोटं बोलतो ते त्याला तोंडपाठ असतं.

गणिताला मात्र घाबरू नका, खरंच. येणारं पाणी वजा जाणारं पाणी, एवढ्यावर गच्चीवरच्या टाकीचं ट्विन होतं. लेव्हल सेन्सर आणि ईएसपी३२ ही छोटी मायक्रोकंट्रोलर चिप पुरे. मॉडेलचा अंदाज आणि सेन्सरचं रीडिंग यांचा मेळ घालणारा काल्मन फिल्टर मला तिथेच उमगला.

पंप बंद-चालू करायचा अधिकार ट्विनला लगेच देऊ नका. आधी नुसता सल्ला, मग ऑपरेटरच्या होकाराने सेटपॉइंट (यंत्राने गाठायचं मूल्य) बदलणं. इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच यंत्र अडवणाऱ्या अटी, पीएलसीतच राहू द्या. आणि रीडिंग ठरलेल्या सेकंदांपेक्षा शिळं असेल तर आदेश सुटायचाच नाही, ही अट कोडमध्ये पहिल्या दिवशीच घाला.