जुन्या संगणकाला वीज देण्यापूर्वी

वागळे इस्टेट किंवा महापे-रबाळे पट्ट्यातील एखादा कारखाना जुनी यंत्रसामग्री मोडीत काढतो, तेव्हा भंगारवाल्याच्या ढिगात कधीकधी प्रोसेसरच्या क्रमांकावरून ओळखला जाणारा ३८६ किंवा ४८६ संगणक सापडतो. तो घरी आणल्यावर चालतो की नाही हे पाहण्यासाठी लगेच प्लग लावण्याचा मोह होतो आणि सर्वाधिक नुकसान त्याच क्षणी होते. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरील दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्राच्या पोटात काय झाले आहे, हे बाहेरून कळत नाही. माझ्या पहिल्या ३८६ चा पॉवर सप्लाय न तपासता लावल्यामुळे जळाला आणि त्याच्यासोबत मदरबोर्डही गेला. तसा बोर्ड मला अद्याप पुन्हा मिळालेला नाही.

नवशिक्याने ३८६ किंवा ४८६ नेच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. इंटेलने ८०३८६ हा प्रोसेसर १९८५ मध्ये आणि ८०४८६ हा १९८९ मध्ये आणला. त्या पिढीतील बहुतेक यंत्रांची कार्डे, केबली आणि पॉवर सप्लाय एकमेकांना चालतात. ‘क्लास’ या सरकारी संगणक-साक्षरता प्रकल्पातून आपल्या शाळांमध्ये आलेला बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक मिळाल्यास तोही सोडू नये. मात्र त्याच्या पॉवर सप्लायमधील पिवळसर पारदर्शक आवरणाचे फिल्टर कॅपॅसिटर आधी बदलून एक्स-टू वर्गाचे, म्हणजे थेट घरगुती विजेवर जोडण्यासाठी बनवलेले, नवे बसवावेत. जुन्यांच्या आवरणाला तडे जाऊन आत ओल शिरते आणि वीज देताच धूर निघतो.

झाकण उघडल्यावर सर्वप्रथम मदरबोर्डवरील बॅटरी शोधावी. बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ ३.६ व्होल्टची, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनाची, पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. तिच्यातून पाझरणारा अल्कधर्मी द्रव तांब्याचे ट्रॅक, म्हणजे बोर्डावरील वीजवाहक रेषा, खातो आणि हिरवट थर दिसतो त्याच्याही पुढे, चिपांच्या पायांखाली पसरतो. बॅटरी कटरने कापून काढावी. डागाळलेल्या भागावर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेला ब्रश हलक्या हाताने फिरवावा, नंतर तो भाग डिस्टिल्ड पाण्याने धुवावा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दोन दिवस पंख्याखाली वाळू द्यावा. यानंतर मल्टिमीटरने एकेक ट्रॅक सलग आहे का ते तपासावे आणि जो तुटला असेल त्याला पातळ तार सोल्डर करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण बोर्ड वाचतो तो यामुळेच. नवी बॅटरी बोर्डावर न बसवता तारेने दूर ठेवावी. ती पुन्हा चार्ज न होणारी असेल तर मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालावा, कारण मूळ सर्किट तिला चार्ज करू पाहते.

पॉवर सप्लाय बाहेर काढून स्वतंत्रपणे तपासावा. मागील लाल स्विच २३० वर आहे याची खात्री करावी. या पिढीच्या यंत्रांत पुढील बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात, म्हणून त्या बटणाच्या उघड्या टोकांवर इन्सुलेशन चढवावे. डबा उघडावा लागला तर मोठ्या कॅपॅसिटरांत प्लग काढल्यावरही तीनशेहून अधिक व्होल्ट उरलेले असू शकतात, हे विसरू नये. इलेक्ट्रिशियन वापरतात तसा शंभर वॉटच्या दिव्याचा सिरीज बोर्ड येथे फार उपयोगी पडतो: दिवा क्षणभर लागून मंद झाला तर ठीक, तेजाने जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे. नंतर लोड म्हणून एखादी निरुपयोगी हार्डडिस्क जोडून थेट वीज द्यावी आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. मदरबोर्डला जाणारे दोन्ही कनेक्टर जोडताना काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी याव्यात. उलटे लावल्यास बोर्ड जळू शकतो. जुना काचेचा मॉनिटर मात्र नवशिक्याने उघडूच नये, कारण त्याच्या नळीवर हजारो व्होल्ट असतात.

पहिल्यांदा वीज देताना मदरबोर्ड, मेमरी, डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर एवढेच जोडावे. मेमरीच्या पट्ट्यांचे आणि कार्डांचे संपर्क पांढऱ्या खोडरबराने घासून घ्यावेत. मेमरीच्या तीस पिनांच्या पट्ट्या ३८६ डीएक्स (३८६ चा ३२ बिटांचा प्रकार) आणि ४८६ मध्ये चारच्या संचातच चालतात, त्यामुळे एक ढिली असली तरी पडदा काळा राहतो.

हार्डडिस्क फिरली तर आधी तिच्यातील मजकूर उतरवून घ्यावा. ती बंद पडलेली असल्यास आयडीई (हार्डडिस्कच्या जुन्या जोडणीच्या) अडॅप्टरवर कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड लावता येते. मात्र जुने बायोस (संगणक सुरू करणारा, बोर्डावरील चिपमधला प्रोग्राम) सहसा ५०४ मेगाबाइटपलीकडे पाहू शकत नाही, म्हणून लहान कार्डच घ्यावे.

पावसाळ्यात यंत्र प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, ओल आतच अडकते. सुती कापड पुरते आणि आठवड्यातून तासभर यंत्र चालवल्यास आतील उष्णतेने ते कोरडे राहते. फ्लॉपी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवाव्यात. तरीही ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी प्रत्येक फ्लॉपीची खिडकी उघडून चकती प्रकाशात फिरवून पाहावी. बुरशीचे ठिपके दिसले तर ती आत घालू नये, कारण हेडला चिकटलेली बुरशी पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे पाडते.