येऊ घातलेल्या हॉट हॅचकडून काय अपेक्षा ठेवावी आणि तिला कोणाशी तोलावे

एखादी नवी हॉट हॅच, म्हणजे लहान हॅचबॅक गाडीची तेज आवृत्ती, येणार अशी कुणकुण लागली की शौकिनांच्या बोलण्यात पहिला आकडा येतो तो इंजिनाच्या ताकदीचा. हा आकडा सर्वांत आधी फुटतो, सर्वांत जास्त वेळा सांगितला जातो, आणि गाडी वळणावर कशी वागेल याबद्दल मात्र सर्वांत कमी सांगतो. १९७६ साली विक्रीला आलेल्या पहिल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचे इंजिन १.६ लिटरचे आणि अवघे ११० पीएसचे (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) होते. पण गाडीचे वजनच सुमारे ८१० किलो असल्यामुळे दर टनामागे जवळपास १३६ पीएस मिळत होते, आणि ज्या प्रकारच्या गाड्यांना आपण आज हॉट हॅच म्हणतो त्यांचे नाव याच हलकेपणावर झाले. म्हणून गाडी येण्याआधीचे महिने नुसते आकडे झेलण्यात घालवण्यापेक्षा त्या आकड्यांना काय विचारायचे हे ठरवण्यात घालवावेत.

पहिले काम कागदावर करायचे आहे आणि ते कंपनीने काहीही जाहीर करण्यापूर्वीच करावे. कागदाच्या एका बाजूला आपल्याला काय हवे आहे ते लिहावे आणि दुसऱ्या बाजूला त्यातले काय खरोखर मिळू शकेल ते लिहावे. पहिल्या बाजूची यादी बहुतेक सगळ्या शौकिनांची सारखीच निघते: मॅन्युअल गिअर, तीन दरवाजे, हलके वजन, हाताने ओढायचा हँडब्रेक आणि बोलके स्टिअरिंग. दुसरी बाजू भरताना मात्र त्या कंपनीचा अलीकडचा इतिहास पाहावा लागतो. गोल्फ जीटीआयच्या २०२४ सालच्या सुधारित आवृत्तीत मॅन्युअल गिअरबॉक्स उरला नाही. २०२२ साली आलेली होंडा सिव्हिक टाइप आर मात्र केवळ मॅन्युअलमध्येच मिळाली, आणि टोयोटाने जीआर यारिसला २०२४ मध्ये आठ गिअरचा ऑटोमॅटिक दिला तरी सहा गिअरचा मॅन्युअल काढून घेतला नाही. तिन्ही कंपन्यांच्या पुढच्या गाडीकडून मॅन्युअलची अपेक्षा ठेवायची झाल्यास ती सारख्या वजनाची ठेवता येणार नाही, हे उघड आहे. तीन दरवाज्यांचेही तसेच आहे. जीआर यारिसला स्वतःचा तीन दरवाज्यांचा सांगाडा मिळाला, कारण तिचा जन्मच जागतिक रॅलीतली गाडी डोळ्यांसमोर ठेवून झाला होता. असे सबळ कारण नसताना मोजक्या गाड्यांसाठी कोणी वेगळा सांगाडा बनवील असे मला वाटत नाही, त्यामुळे तीन दरवाजे इच्छेच्याच बाजूला राहू द्यावेत.

यानंतर त्या गाडीची भावंडे शोधावीत. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सर्वांत जास्त माहिती इथेच मिळते. आजची कोणतीही हॉट हॅच एकटी जन्माला येत नाही. तिचा प्लॅटफॉर्म (गाडीचा तळाचा मूळ ढाचा), मोटर, बॅटरी किंवा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) त्याच समूहातल्या दुसऱ्या गाडीत आधीच रस्त्यावर आलेले असते. प्यूजोने जून २०२५ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीच्या वेळी विजेवरची ई-२०८ जीटीआय दाखवली, तेव्हा २८० पीएस ताकद आणि ३४५ न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा पिळाचा जोर) हे आकडे ऐकून अनेकांना नवल वाटले; पण त्याच समूहातल्या अबार्थ ६००ई आणि लान्चिया इप्सिलॉन एचएफ या गाड्यांत २८० पीएसची हीच मांडणी, पुढच्या चाकांवरच्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसह (हे एकच चाक नुसते फिरत राहू देत नाही), आधीच आलेली होती. ज्यांनी त्या गाड्यांच्या चाचण्या मन लावून वाचल्या होत्या त्यांना मोटरचा स्वभाव माहीत होता, आणि नवीन काय पाहायचे हेही माहीत होते: सुमारे ३० मिलिमीटरने कमी केलेली जमिनीपासूनची उंची, वाढवलेली चाकांमधली रुंदी आणि नवे डँपर (धक्के जिरवणारे भाग). फोक्सवॅगन आयडी पोलो जीटीआय आणि कुप्रा रावाल यांचे नातेही असेच आहे. दोघींच्या सर्वांत तेज आवृत्त्यांसाठी २२६ पीएस हाच आकडा जाहीर झाला. एकीची चाचणी वाचली की दुसरीबद्दलची निम्मी अटकळ बांधता येते.

आता आकड्यांकडे वळू. सुरुवातीलाच एककांचा घोळ मिटवावा. १०० किलोवॉट म्हणजे सुमारे १३६ पीएस आणि सुमारे १३४ ब्रिटिश अश्वशक्ती. त्यामुळे एकाच गाडीचे तीन आकडे फिरत असतात आणि त्यांतला मोठा आकडा आवडत्या गाडीला व लहान आकडा प्रतिस्पर्ध्याला लावण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. प्रवेगाचे आकडेही तपासून घ्यावेत. शून्य ते १०० किलोमीटर आणि शून्य ते ६० मैल ही मापे वेगळी आहेत, कारण ६० मैल म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर. त्यातून अमेरिकी चाचण्यांत गाडी पहिला एक फूट सरकल्यानंतर घड्याळ सुरू करण्याची रीत आहे, आणि तेवढ्यानेच दोन-तीन दशांश सेकंद वाचतात.

वजनाचा आकडा या सगळ्यांहून मोलाचा, आणि तो बहुधा सर्वांत शेवटी बाहेर येतो. तो दडवला जात असेल तर त्याचा अर्थ काय घ्यायचा हे शौकिनांना सांगायला नको. वजन जाहीर झाल्यावर त्यात चालक धरला आहे की नाही ते पाहावे, कारण युरोपीय पद्धतीच्या मोजणीत चालक आणि थोडे सामान मिळून ७५ किलो धरण्याची रीत आहे. मग ताकदीला वजनाने भागावे. कंपन्यांनी जाहीर केलेल्या आकड्यांनुसार ह्युंदाई आय२० एन २०४ पीएस आणि सुमारे ११९० किलोची, म्हणजे दर टनामागे १७१ पीएस. ई-२०८ जीटीआय २८० पीएस आणि सुमारे १६०० किलोची, म्हणजे दर टनामागे १७५ पीएस. ताकदीत ७६ पीएसची तफावत दिसते आणि भागाकार केल्यावर ती जवळजवळ नाहीशी होते. विजेवरच्या अल्पीन ए२९० च्या २२० पीएसच्या आवृत्तीला तिच्या सुमारे १४८० किलोंनी भागले तर उत्तर १४९ येते, आणि १९८६ साली आलेल्या १.९ लिटरच्या प्यूजो २०५ जीटीआयचे १३० पीएस व सुमारे ९०० किलो घेतले तर १४४ येते. चाळीस वर्षांच्या अंतरात भागाकार तिथल्या तिथेच राहिला आहे.

भागाकार सारखा आला म्हणून गाड्या सारख्या ठरत नाहीत. सरळ रस्त्यावर मोटर वजनाची भरपाई करते; ब्रेक मारताना आणि वळताना मोटरची ताकद ही भरपाई करू शकत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी १६०० किलोची गाडी थांबवायला ११९० किलोच्या गाडीपेक्षा एक तृतीयांश जास्त ऊर्जा जिरवावी लागते, आणि वळणावर तेवढेच जास्तीचे ओझे टायरच्या खांद्यावर येते. म्हणून जड हॉट हॅचचा माहितीकागद वाचताना ताकदीच्या ओळीवरून टायर आणि ब्रेकच्या ओळीवर लगेच उतरावे. इथेही मोठा आकडा म्हणजे चांगला आकडा हे गणित चालत नाही. आधीच्या पिढीच्या सिव्हिक टाइप आरला २४५/३० आर२० टायर होते (म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ३० टक्के आणि रिम २० इंचांची). २०२२ च्या गाडीला २६५/३० आर१९ दिले गेले. रिम एक इंचाने लहान झाली, टायर २० मिलिमीटरने रुंद झाला आणि टायरच्या बाजूची भिंत ७३.५ वरून ७९.५ मिलिमीटरवर गेली. दिखाऊपणा थोडा कमी करून पकड आणि मऊपणा दोन्ही वाढवण्याचा हा निर्णय होता. येऊ घातलेल्या गाडीला केवळ दिसण्यासाठी मोठे रिम दिले आहेत, की टायरच्या भिंतीला काही उंची ठेवली आहे, यावरून ती गाडी कंपनीतल्या अभियंत्यांनी ठरवली की विक्री विभागाने, याचा अंदाज बांधता येतो.

विजेवरच्या गाड्यांत टॉर्कचा आकडा विशेष सावधपणे वाचावा. रेनॉ ५ टर्बो ३ई साठी ४८०० न्यूटन-मीटर जाहीर झाले, तेव्हा तो आकडा मागच्या दोन चाकांतच बसवलेल्या मोटरींचा, म्हणजे प्रत्यक्ष चाकांवरचा होता. पेट्रोल गाडीचा आकडा इंजिनावर मोजलेला असतो आणि पहिल्या गिअरमध्ये तो चाकांपर्यंत पोहोचेतो साधारण बारा-चौदा पट होतो. त्या हिशेबाने आय२० एनचे २७५ न्यूटन-मीटरही चाकांवर साडेतीन हजारांच्या आसपास जातात. रेनॉची ५४० पीएसची गाडी त्यामुळे लहान ठरत नाही, पण ती सतरा पट मोठीही ठरत नाही.

लॅपच्या, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवरच्या एका फेरीच्या, वेळेबद्दल शौकिनांमध्ये जितकी भांडणे होतात तितकी दुसऱ्या कशाबद्दल होत नसतील, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर आधीच्या सिव्हिक टाइप आरने २०१७ मध्ये ७ मिनिटे ४३.८० सेकंदांची वेळ नोंदवली आणि नव्या गाडीने २०२३ मध्ये ७ मिनिटे ४४.८८ सेकंदांची. नवी गाडी मंद झाली असे यावरून वाटेल. प्रत्यक्षात जुनी वेळ २०.६ किलोमीटरच्या मोजणीची आणि नवी वेळ २०.८३२ किलोमीटरच्या पूर्ण फेरीची आहे. या दोन मोजण्यांत किती फरक पडतो ते रेनॉ मेगान आरएस ट्रॉफी-आरच्या २०१९ मधल्या एकाच फेरीवरून कळते, कारण तिच्या दोन्ही वेळा जाहीर झाल्या होत्या: ७ मिनिटे ४०.१० आणि ७ मिनिटे ४५.३९. म्हणजे सिव्हिकने पूर्ण फेरीत मेगानला अर्ध्या सेकंदाने मागे टाकले. त्यात मेगानला मागची सीटच नव्हती, आणि सिव्हिकने ती वेळ ऐच्छिक म्हणून मिळणाऱ्या अधिक चिकट मिशेलिन टायरवर नोंदवली होती. येणाऱ्या गाडीच्या लॅपची बातमी आली की फेरीची लांबी, टायर आणि मागची सीट या तीन गोष्टी विचाराव्यात; उत्तर मिळत नसेल तर ती वेळ तुलनेत धरू नये.

चट्टेपट्टे रंगवलेल्या चाचणी गाड्यांच्या छायाचित्रांवरून काय कळते? ब्रेकच्या डिस्कचा आकार, कॅलिपर (डिस्कला आवळणारा भाग), टायरचे माप, चाकांमधली रुंदी आणि पुढच्या जाळीची उघडी जागा एवढे कळते. डिफरन्शियल, डँपरची जुळवणी आणि स्टिअरिंगचा स्वभाव कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही, आणि हॉट हॅचची खरी परीक्षा तर त्यांच्यातच असते.

प्रतिस्पर्धी निवडताना तीनच निवडावेत. पहिली गाडी त्याच आकाराची आणि त्याच इंधनाची असावी. ई-२०८ जीटीआय समोर ठेवली तर अल्पीन ए२९० किंवा विजेवरची मिनी जॉन कूपर वर्क्स. दुसरी गाडी तिच्याच घराण्यातली जुनी असावी, म्हणजे नावाचा वारसा कितपत सांभाळला आहे ते समजते. तिसरी गाडी आज वापरलेली मिळू शकणारी, त्याच कामाची पेट्रोल गाडी असावी. ४२१ पीएसच्या मर्सिडीज-एएमजी ए४५ एसला या पंक्तीत बसवण्याचा हट्ट सोडून द्यावा. चारही चाकांना ताकद देणारी ती गाडी वेगळ्या वर्गाची आहे आणि तिच्याशी तुलना केली की चांगल्या लहान गाड्या उगाच फिक्या दिसतात.

तिसऱ्या गाडीचे महत्त्व हल्ली वाढले आहे, कारण वाट पाहण्यालाही मोल पडते. फोर्ड फिएस्टाचे उत्पादन जुलै २०२३ मध्ये थांबले आणि तिच्याबरोबर २०० पीएसची एसटी गेली. युरोपातून आय२० एनही २०२४ मध्ये गेली. नवी गाडी पाहून मगच जुनी घेऊ असे म्हणणाऱ्यांच्या हाती दरम्यान कमी उत्तम गाड्या उरतात.

शेवटी प्रत्यक्ष चालवून पाहणे आले. मी स्वतः एका गाडीची दीड वर्ष वाट पाहिली होती, तिचे सगळे आकडे मला तोंडपाठ होते, आणि चालवायला बसल्यावर दहा मिनिटांत लक्षात आले की सीट इतकी उंच आहे की आपण गाडीत नसून गाडीवर बसलो आहोत. विजेवरच्या हॉट हॅचमध्ये बॅटरी पायाखाली असल्यामुळे हे आधी तपासावे: सीट पूर्ण खाली घेऊन मांड्यांना आधार मिळतो का आणि स्टिअरिंग छातीकडे पुरेसे बाहेर येते का. मग एखाद्या अरुंद, शक्यतो ओल्या वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर अर्धा दाबावा. आतले चाक नुसते फिरत राहिले तर डिफरन्शियल कामचुकार आहे किंवा नाहीच. स्टिअरिंग हातातून ओढले जात असेल तर पुढच्या चाकांना त्यांच्या कुवतीबाहेरचे काम दिले आहे. मॅन्युअल गाडीत ब्रेक दाबलेला असताना त्याच पावलाच्या कडेने अॅक्सिलरेटरला टिचकी मारता येते का हे उभ्या गाडीतच पाहून घ्यावे. विजेवरच्या गाडीत ताशी ३० किलोमीटरवरून अगदी हळूवार थांबावे आणि मोटरकडून ब्रेककडे काम सोपवले जाते तो क्षण पायाला जाणवतो का, ते तीन-चार वेळा पाहावे. त्यानंतर खराब रस्त्यावर सस्पेन्शनच्या सर्वांत कडक मोडमध्ये ताशी ४० किलोमीटरने जावे. मागे बसलेल्या माणसाचे वाक्य मध्येच तुटले तर तो मोड तुम्ही पुन्हा कधीच लावणार नाही, आणि त्याचे पैसे मात्र दिलेले असतील. गाडी परत देण्याआधी ती बंद करून पुन्हा सुरू करावी आणि लेन व वेगमर्यादेचे इशारे गप्प करायला किती बटणे दाबावी लागतात ते मोजावे, कारण तेवढी बटणे रोज सकाळी दाबायची आहेत.