तासन्‌तास गाणी ऐकायचीत? मग कमी बजेटचे बुकशेल्फ स्पीकर असे निवडा

गाणी लावून बसलात, पहिली दोन-तीन एकदम भारी वाटली, आणि मग अर्ध्या-पाऊण तासात हात आपोआप व्हॉल्यूमकडे जायला लागतो, थोडा कमी करू, अजून थोडा, जाऊदे बंदच करू. गाणी आवडीचीच, मूडही बरा, पण डोकं जड. हाय-फायवाले याला लिसनिंग फटीग म्हणतात आणि स्वस्तातल्या स्पीकरमध्ये हा प्रकार जरा जास्तच सापडतो. का, तर शेजारी-शेजारी दोन जोड्या वाजवल्या की ज्याचा ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण सूर) थोडा चढा तोच पहिल्या पाच मिनिटांत जास्त ‘क्लिअर’ वाटतो आणि विकला जातो. तोच क्लिअरपणा घरी दुसऱ्या तासाला टोचतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे, लगेच छाप पाडणारा स्पीकर शोधायचाच नाही, दोन तासांनीही चालू राहावा असं वाटणारा शोधायचा.

पायरी १: स्पीकर बघण्याआधी अंतर मोजा

टेप घ्या आणि कान जिथे असणार तिथपासून स्पीकर जिथे ठेवणार तिथपर्यंत किती होतंय ते बघा. टेबलावर, मीटरभराच्या आत ऐकणार असाल तर ४ इंची वूफरवाली (वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा भाग) जोडी बहुतेक वेळा पुरते. दोन-अडीच मीटरवर बसणार असाल तर ५ ते ६.५ इंच बघा, कारण छोट्या वूफरला लांबवर आवाज पोचवायला लावलं की त्याचा शंकूसारखा पडदा मर्यादेबाहेर हलायला लागतो, बास फाटतो, आणि हे डिस्टॉर्शन दरवेळी ‘फाटका आवाज’ म्हणून कळत नाही, नुसतं कंटाळल्यासारखं होतं.

इथेच सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती डीबी (डेसिबल) मोठा वाजतो त्याचा, आकडा कामाला येतो. ८४ डीबीचा स्पीकर आणि ८७ डीबीचा स्पीकर सारख्याच आवाजात वाजवायचे तर पहिल्याला दुप्पट पॉवर लागते. पण एक मेख आहे, हा आकडा बहुतेक ठिकाणी २.८३ व्होल्टला मोजलेला असतो, ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) स्पीकरला तो बरोबर १ वॉट पडतो आणि ४ ओहमच्या स्पीकरला २ वॉट. म्हणजे ४ ओहमवाला कागदावर ३ डीबी जास्त दिसतो तो फुकट नाही, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरकडून वसूल केलेला असतो. अ‍ॅम्प छोटा असेल तर त्याला ४ ओहम चालतात का हे मागच्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

पायरी २: नेमकं कुठे टोचतं ते समजून घ्या

ही पायरी जरा मोठी आहे पण सगळी गंमत इथेच आहे. आपला कान सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा हळवा नसतो. १९३३ मध्ये बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून त्याचे ग्राफ काढले. कान सगळ्यात तीक्ष्ण असतो साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, कारण कानाची नळीच ३ किलोहर्ट्झच्या आसपास रेझोनेट होते, म्हणजे घुमते. या पट्ट्यात दोन-तीन डीबीचा उंचवटा आला तरी तो रुंद असेल तर तासाभरात जाणवतोच.

आता दुर्दैव बघा, टू-वे, म्हणजे वूफर आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) अशा दोघांच्या बुकशेल्फमध्ये वूफरकडून ट्वीटरकडे आवाज जिथे सोपवला जातो तो क्रॉसओव्हरसुद्धा बहुतेक वेळा २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपासच असतो. वूफर वरच्या फ्रिक्वेन्सीला टॉर्चसारखा सरळ समोरच आवाज फेकायला लागलेला असतो आणि एक इंची ट्वीटर त्याच जागी चहूबाजूंना पसरवत असतो. समोर मोजलं तर ग्राफ सपाट येईल, पण बाजूच्या भिंतींवर त्या पट्ट्यातली एनर्जी जास्त जाते आणि परत येऊन कानावर आदळते. ‘स्पेक तर मस्त आहेत पण ऐकायला त्रास होतो’ असं होण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

यावर उपाय डिझाइनमध्येच करावा लागतो. ट्वीटरभोवती उथळ वाडग्यासारखा खोलगट भाग दिसला तर तो वेव्हगाइड, तो ट्वीटरचा पसारा आवरून वूफरशी जुळवतो. जेबीएलच्या स्टेज ए१३० मध्ये तो आहे. दुसरा मार्ग म्हणजे ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवणं, केईएफचं युनी-क्यू हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण, क्यू१५० मध्ये तेच आहे. वेव्हगाइड दिसला म्हणजे स्पीकर चांगलाच असं मात्र नाही, तो नीट जमलाय का हे मेजरमेंटमध्येच कळतं.

मेजरमेंट वाचायला घाबरू नका. नेटवर स्पिनोरामा नावाचा ग्राफ शोधा, बऱ्याच स्पीकरांचा मिळतो, त्याचं स्टँडर्ड सीटीए-२०३४ म्हणून आहे. वरची रेघ समोरचा आवाज, ती जमेल तितकी सपाट हवी. खालच्या रेघा म्हणजे बाजूने आणि रिफ्लेक्शनने येणारा आवाज, त्या डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरत जायला हव्यात. मध्येच खड्डा आणि लगेच ३-४ किलोहर्ट्झला टेकाड असं दिसलं तर तासन्‌तास ऐकण्यासाठी ती जोडी मी तरी सोडून देईन, भले कितीही स्टार मिळालेले असोत. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी आधी कॅनडात आणि मग हरमन कंपनीत पडद्यामागे स्पीकर ठेवून ऐकवण्याच्या टेस्ट घेतल्या, त्यात लोकांना हेच आवडलं, समोर सपाट आणि बाजूने गुळगुळीत.

जाता जाता यामाहाच्या एनएस-१० चा किस्सा. १९७८ मध्ये आला तो घरगुती स्पीकर म्हणून, पण स्टुडिओवाल्यांनी उचलला, आणि ट्रेबल इतका चढा की इंजिनिअर लोक ट्वीटरवर चक्क टिश्यू पेपर चिकटवून काम करायचे. रेकॉर्डिंगमधल्या चुका पकडायला उत्तम. रविवारी दुपारी पडून ऐकायला नको!

पायरी ३: कशाकडे दुर्लक्ष करायचं

ट्वीटरचा घुमटासारखा पडदा म्हणजे डोम. सिल्क डोम म्हणजे मऊ आणि मेटल डोम म्हणजे कर्कश, हे इतकं ऐकू येतं की खरंच वाटायला लागतं. बऱ्या अ‍ॅल्युमिनियम डोमचा मुख्य रेझोनन्स २० किलोहर्ट्झच्या वर असतो, म्हणजे आपल्या ऐकण्याच्या पलीकडे. वाईट क्रॉसओव्हर लावलेला सिल्क डोमही तितकाच छळतो.

स्पीकर कुठून कुठवर वाजतो याचा ‘४५ हर्ट्झ ते २२ किलोहर्ट्झ’ असा आकडा पुढे ‘± ३ डीबी’ (त्यात आवाज किती वर-खाली होतो) नसेल तर बिनकामाचा. बॉक्सवरचे वॉट म्हणजे स्पीकर किती सहन करेल त्याचा अंदाज, किती चांगला वाजेल त्याचा नाही. वायर साधी तांब्याची, २.५ स्क्वेअर एमएमची पुरते. आणि ‘१०० तास वाजवा मग खुलेल’ असं कोणी म्हणालं तर बहुतेक वेळा स्पीकर नाही, तुमचा कान सरावतो. पहिल्या आठवड्यात टोचणारा स्पीकर ठेवून घेण्याचं ते कारण होऊ शकत नाही, विशेषतः परत करायची मुदत तेवढ्यात संपत असेल तर.

पायरी ४: ऐकून बघायची पद्धत

दोन जोड्या तुलनेला घेतल्या तर आधी आवाज सारखा करा, आणि तो कानाने नाही, मोबाइलवरच्या एसपीएल मीटर (आवाजाची पातळी मोजणाऱ्या) अ‍ॅपने. अ‍ॅपचा आकडा अचूक नसतो पण दोन्हीला तोच फोन त्याच जागी धरला की फरक बरोबर कळतो. पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला एकसारखा खरखराट) लावा, अर्ध्या डीबीच्या आत आणा. हे केलं नाही तर जो किंचित मोठा वाजतोय तोच ‘जास्त डिटेल’ वाटणार, ही कानाची जुनी खोड आहे.

डेमोसाठी ठेवलेली चकाचक रेकॉर्डिंग बाजूला ठेवा, तुम्ही रोज ऐकता ती लावा, आणि त्यातही दोन-तीन वाईट रेकॉर्ड झालेली मुद्दाम घ्या कारण घरी तीही वाजणार आहेत. मी सुरुवात साध्या बोलण्यापासून करतो, कुठलाही पॉडकास्ट किंवा बातम्या. ‘स’ आणि ‘श’ कडे कान ठेवा, शब्दातून वेगळे होऊन सिस्स करत ट्वीटरमधून बाहेर उडत असतील तर हा स्पीकर पुढे त्रास देणार. मग व्हायोलिन किंवा उंच पट्टीतला आवाज, वरच्या सुराला आपले खांदे आक्रसतात का ते बघा, खरंच, डोक्यापेक्षा अंग आधी सांगतं. शेवटी ड्रमच्या झांजा. धातूचा नाद येतो की नुसती फसफस?

हे झालं की बदलाबदली बंद. एकच जोडी लावा आणि पूर्ण अल्बम ऐका, हातात पुस्तक घ्या, दुसरं काही करत बसा. दर दोन मिनिटांनी स्पीकर बदलून ऐकलं की नुसता फरक ऐकू येतो, दमणूक ऐकू येत नाही. अल्बम संपल्यावर पुढचा लावावासा वाटला की नाही, एवढंच लक्षात ठेवा.

पायरी ५: घरी आणल्यावर मांडणी

सगळ्यात आधी मागची लाल-काळी टर्मिनल दोन्हीकडे सारखी जोडलीत का ते परत बघा. एकच उलटी गेली तर बास गायब होतो आणि गायक मध्ये उभा राहायच्या ऐवजी खोलीभर पसरतो, मेंदू त्याला शोधत बसतो आणि थकतो. तपासायचं असेल तर एक मोनो रेकॉर्डिंग लावा, आवाज बरोबर मधोमध, हवेतल्या एका जागेवरून यायला हवा.

दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण, ट्वीटर कानाच्या उंचीला. टेबलावर ठेवत असाल तर तिरक्या स्टँडने वर बघायला लावा, नाहीतर टेबलाच्या पृष्ठभागावरून आवाज उसळून मधला भाग गढूळ होतो.

आता सगळ्यात स्वस्त ट्रेबल कंट्रोल, म्हणजे स्पीकर वळवणं. तोंड थेट कानाकडे केलं की ट्रेबल सगळ्यात जास्त, जसजसं सरळ समोर कराल तसतसा कमी. टोचत असेल तर दोन्ही स्पीकर थोडे थोडे बाहेर वळवत जा आणि प्रत्येक वेळी तेच गाणं ऐका. डाली ही कंपनी तर आपले स्पीकर सरळ समोरच बघत ठेवायला सांगते, त्यांचा आवाज तसाच ट्यून केलेला असतो. तेव्हा मॅन्युअल वाचल्याशिवाय वळवावळवी करू नका.

पोर्ट (स्पीकरच्या बॉक्सचं हवेचं भोक) मागे असेल आणि भिंत जवळ असेल तर बास फुगतो. घुमणारा बासही तितकाच दमवतो, फक्त लोक नाव ट्रेबलचं घेतात. पुढे ओढायला जागा नसेल तर पोर्टमध्ये फोमचा बूच घाला, काही कंपन्या तो बरोबरच देतात, नाही दिला तर गुंडाळलेला मोजाही चालतो. अगदी कोपऱ्यात मात्र ठेवू नका.

खोली उघडीबोडकी, फरशी आणि काच असेल तर कितीही चांगला स्पीकर कर्कश वाटणार. तुम्ही नेहमीच्या जागी बसा, कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा, ज्या जागी आरशात स्पीकर दिसला तिथून पहिलं रिफ्लेक्शन येतं. तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट आणि मधल्या जमिनीवर सतरंजी, एवढ्याने बराच फरक पडतो. नवीन स्पीकर घेण्याआधी जुन्यावरच हे करून बघितलंत तर कदाचित खरेदीच वाचेल.

पायरी ६: व्हॉल्यूम आणि इक्यू

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डीबीला आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास, आणि पुढे दर ३ डीबीला वेळ अर्धा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. तासन्‌तास ऐकणारा माणूस ७० ते ७५ च्या आसपास राहिला तर कानही ताजे राहतात. कमी आवाजात बास आणि वरचा ट्रेबल कानाला कमी ऐकू येतो, म्हणून अ‍ॅम्पवर लाउडनेसचं बटण असेल तर रात्री बिनधास्त दाबा, ते त्याचसाठी आहे.

तरीही थोडं टोचतंच असेल तर इक्यूला (इक्वलायझर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणं) लाजू नका. विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं, फोनवर बऱ्याच प्लेअरमध्ये आत असतंच. ३ किलोहर्ट्झला क्यू (कट किती रुंद किंवा अरुंद ते) १ ठेवून २ डीबी कमी करा आणि दोन दिवस तसंच ऐका. आवाज मंद, झोपाळू वाटला तर १ डीबीवर या. बरं वाटलं पण ‘स’ अजून कापतोय असं असेल तर ३ ला हात न लावता ६ ते ८ किलोहर्ट्झच्या मध्ये एक अरुंद कट देऊन बघा. ४ डीबीपेक्षा जास्त कापावं लागतंय असं दिसलं तर मुदत आहे तोवर ती जोडी परत करा.