ह्यूस्टनला ड्रिलिंग कंपनीत येताय? आधी तिच्या रिग बघा

ह्यूस्टनला नव्याने आलेली मंडळी मला नेहमी दोन प्रश्न विचारतात. अमुक ड्रिलिंग कंपनीची ऑफर घ्यावी का, आणि तिचे शेअर घ्यावेत का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर दुसऱ्याचंही ‘हो’च, असं बहुतेकांनी मनात धरलेलं असतं. या धंद्यात तसं होत नाही. नोकरदाराला जे हवं असतं त्याच्या नेमकं उलट कधीकधी भागधारकाला हवं असतं.

आधी धंदा समजून घ्या. ड्रिलिंग कंपनी तेल विकत नाही. ती रिग, म्हणजे समुद्रात विहीर खोदणारी अवजड यंत्रणा, आणि रिगवरची माणसं दिवसाच्या भाड्याने देते. मुंबई हायवर काम केलेल्यांना हे सांगायला नको. तिथे विहीर ओएनजीसीची असते आणि रिग बऱ्याचदा दुसऱ्याची. इथे बीपी, शेल, शेवरॉन ही गिऱ्हाइकं, आणि ट्रान्सओशन, नोबल, वॅलारिस, सीड्रिल हे कंत्राटदार. तेलाचा भाव पडला की गिऱ्हाईक पहिल्यांदा नव्या विहिरींचा खर्च थांबवतं. चालू कंत्राटं मात्र बहुतेक वेळा मुदत संपेपर्यंत चालतात, म्हणून फटका उशिरा बसतो. २०१४ च्या मध्यापर्यंत तेल शंभर डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या सुरुवातीला ते तिसाच्या खाली गेलं. रिग रिकाम्या होत राहिल्या त्या मात्र पुढेही कितीतरी काळ. तेव्हा ‘सध्या तेल महाग आहे, नोकरी पक्की’ हा हिशेब करू नका.

मग बघायचं काय? या कंपन्या वर्षातून काही वेळा ‘फ्लीट स्टेटस रिपोर्ट’ काढतात. तो त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, आणि मुलाखतीला जाण्याआधी तो वाचलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक रिगची एक ओळ असते: नाव, बांधणीचं वर्ष, कुठल्या समुद्रात आहे, गिऱ्हाईक कोण, कंत्राट कधी सुरू, कधी संपणार, दिवसाचा दर किती. समजा एका ड्रिलशिपसमोर, म्हणजे जहाजावरच्या रिगसमोर, साडेचार लाख डॉलर रोज असा दर आहे, कंत्राट येत्या नोव्हेंबरला संपतंय आणि पुढे ‘ऑप्शन’ म्हणून दोन विहिरी लिहिल्या आहेत. त्या दोन विहिरी मोजू नका. ऑप्शन वापरायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवतं, कंपनीच्या हातात काही नसतं. तुमची नेमणूक त्या रिगसाठी असेल, तर तुमची खात्री नोव्हेंबरपर्यंतची. सगळ्या ओळी अशा तपासा आणि पुढच्या बारा महिन्यांत किती रिग मोकळ्या होतात ते मोजा. ‘वॉर्म स्टॅक’ लिहिलेली रिग थोडी माणसं ठेवून तयार ठेवलेली असते. ‘कोल्ड स्टॅक’ म्हणजे माणसं उतरवून बंद केलेली, ती परत चालू करायला कोट्यवधी डॉलर लागतात. रिकामी रिग म्हणजे भाकड म्हैस, दूध बंद पण वैरण चालू.

दुसरा कागद कर्जाचा. वार्षिक अहवालात कोणतं कर्ज कोणत्या वर्षी फेडायचं याचा तक्ता असतो. मोठी रक्कम आणि मोकळ्या होणाऱ्या रिग एकाच वर्षी येत असतील तर सावध व्हा. २०२० साली डायमंड ऑफशोअर, नोबल आणि वॅलारिस एकामागून एक चॅप्टर ११ मध्ये, म्हणजे धंदा चालू ठेवून कर्जाची फेरमांडणी करायच्या अमेरिकी दिवाळखोरीत, गेल्या. सीड्रिल २०१७ ला गेली होती, २०२१ ला पुन्हा गेली. ट्रान्सओशन दिवाळखोरीत गेली नाही, तरी २००८ च्या आसपास दीडशे डॉलरच्या घरात असलेला तिचा शेअर २०२० मध्ये एक डॉलरच्या खाली आला.

चॅप्टर ११ ऐकून नवीन माणूस घाबरतो, पण नोकरदारासाठी तो शेवट नसतो. कोर्टाच्या परवानगीने पगार आणि रिग साधारणपणे चालू राहतात. बुडतो तो जुना भागधारक. कर्ज देणारे नव्या कंपनीचे मालक होतात आणि जुन्या भागधारकाच्या हाती फार तर थोडे शेअर किंवा वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क) येतात. विलीनीकरणात नेमकं उलटं. नोबलने २०२२ मध्ये मर्स्क ड्रिलिंगला आणि २०२४ मध्ये डायमंडला सामावून घेतलं, तेव्हा डायमंडच्या व्यवहारातून वर्षाला १० कोटी डॉलर वाचतील असं जाहीर केलं. भागधारकाला अशी घोषणा आवडते. पण हे पैसे वाचणार कुठून? एका शहरात दोन हिशेब विभाग, दोन खरेदी विभाग कोण ठेवेल? तुमची ऑफर ऑफिसातली असेल तर हा धोका दिवाळखोरीपेक्षा मोठा माना.

सुरक्षेबद्दल मी सगळ्यात जास्त आग्रहाने सांगतो. २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझनवर स्फोट झाला, ११ माणसं गेली, त्यातली ९ ट्रान्सओशनची. त्याच दिवशी बीपी आणि ट्रान्सओशनचे वरिष्ठ अधिकारी रिगवर होते, आणि सात वर्षं कामाचा दिवस बुडेल अशी एकही दुखापत झाली नाही याचं कौतुक चाललं होतं. पुढच्या वर्षी कंपनीने भागधारकांसाठीच्या कागदपत्रात २०१० हे सुरक्षेच्या आकडेवारीत आपलं सर्वोत्तम वर्ष असल्याचं लिहिलं आणि त्यावर बोनस दिले. गदारोळ झाल्यावर वरिष्ठांनी ते पैसे मृतांच्या कुटुंबीयांसाठीच्या निधीला दिले. बोट चिरडणं, पाय घसरणं यांचे आकडे वेगळे आणि विहिरीवरचा ताबा सुटणं वेगळं. म्हणून मुलाखतीत दुखापतींचा दर विचारून थांबू नका. बीओपीची (विहिरीतून तेल-वायू उसळला तर ती बंद करणाऱ्या झडपांची) किती देखभाल तारीख उलटून पडून आहे ते विचारा. धोका दिसला म्हणून शेवटच्या वेळी काम कोणी थांबवलं आणि नंतर त्या माणसाचं काय झालं, तेही विचारा. सरळ उत्तर देणारी कंपनी मला पाच हजार डॉलर कमी पगारातही चालेल.

व्हिसाचं गणित इथल्या सहकाऱ्यांना नसतं, तुम्हाला असतं. एच-१बीवर नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस, आय-९४ (देशात राहायच्या मुदतीची नोंद) आधी संपत असेल तर त्याहून कमी. ग्रीन कार्डचं काम कधी सुरू करणार हे ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. कंपनीने त्याच कामाची माणसं काढली असतील तर पुढचे सहा महिने लेबर सर्टिफिकेशनचा, म्हणजे ग्रीन कार्डच्या पहिल्या पायरीचा, अर्ज अवघड होतो, आणि बऱ्याच कंपन्या तो थांबवूनच ठेवतात. शंभर आणि त्याहून जास्त माणसांच्या कंपनीला मोठ्या कपातीची ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. टेक्सासमधल्या या नोटिसा टेक्सास वर्कफोर्स कमिशनच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतात. तुमच्या कंपनीचं नाव २०१५, २०१६ आणि २०२० मध्ये शोधा.

आता शेअर. कंपनी पगाराचा भाग म्हणून शेअर देईल ते घ्या, पण ते हातात पडले की विकायची सवय ठेवा. कबूल केलेले पण अजून हातात न पडलेले शेअर कपातीत बहुधा जातात, म्हणून पगाराची तुलना करताना ते निम्मेच धरा. ४०१के मध्ये, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात, स्वतःच्या कंपनीचे शेअर घेऊ नका. मंदीत पगार, व्हिसा आणि बचत एकाच आठवड्यात जाऊ शकते, आणि घरी शाळेत जाणारी मुलं असतात. या धंद्यावर विश्वासच असेल तर थोडे पैसे दुसऱ्या कंपनीत, उतरत्या काळात, कर्ज कमी असलेली पाहून घाला. त्यातही आधी स्वतःच्या कंपनीचे नियम वाचा, प्रतिस्पर्ध्यांच्या शेअरवरही बंधन असू शकतं. आणि आपल्या रिगला कंत्राट मिळाल्याचं जाहीर होण्याआधी कळलं तर ते पुण्यातल्या मेहुण्यालाही फोनवर सांगू नका. त्याने त्यावर शेअर घेतले तर गुन्हा तुमच्यावरही येतो.

सही करण्याआधी ऑफर लेटरचं शेवटचं पान नीट वाचा. घर हलवायचे पैसे वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करायचे, अशी अट बहुधा तिथे असते. ‘कंपनीने काढल्यास ही अट लागू नाही’ एवढं वाक्य त्यात घालून घ्या. बहुतेक एचआर ते कुरकुर न करता घालतात.