सिएटलमध्ये सिनेमा भाड्याने कुठे मिळतो? (माझा अनुभव)

बाबा दोन महिन्यांसाठी आले होते. त्यांना एक जुना जपानी सिनेमा पाहायचा होता आणि तो एकाही ॲपवर नव्हता. नकाशावर 'डीव्हीडी भाड्याने' शोधलं की पत्ते यायचे, पण तिथे गेल्यावर दुसरंच दुकान. किराणा दुकानाबाहेरचं डीव्हीडीचं यंत्रही बंद. नेटफ्लिक्सची टपालाने डीव्हीडी पाठवायची सेवा तर सप्टेंबर 2023 मध्येच संपली. तीन शनिवार वाया गेले, खूप वैताग आला.

जमलं ते या क्रमाने. आधी सिएटल पब्लिक लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये सिनेमाचं मूळ नाव रोमन लिपीत टाका, मग इंग्रजी नाव; दोन्ही करून पाहा. सापडला तर राखून ठेवा. कार्डावर फुकट मिळतो. आम्हाला मिळाला नाही.

मग युनिव्हर्सिटी डिस्ट्रिक्टमधलं स्केअरक्रो व्हिडिओ. दुकान 1988 चं, 2014 पासून ना-नफा तत्त्वावर चालतं, संग्रह लाखाहून मोठा. निघण्याआधी त्यांच्या साइटवर शीर्षक शोधा. मोठ्या दिग्दर्शकांचे स्वतंत्र कप्पे आहेत, म्हणून दिग्दर्शकाचं नाव हाताशी ठेवा. अशी दुकानं टिकायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

पैसे देण्याआधी वेष्टनामागचं पृथ्वीचं चिन्ह पाहा. त्यातला अंक डिस्क कोणत्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालते ते सांगतो: 1 म्हणजे अमेरिका, 2 जपान आणि युरोप, 5 भारत. अमेरिकेतला साधा प्लेअर 2 ची डिस्क वाजवत नाही. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा प्रदेश बदलता येतो, पण सहसा पाचच वेळा, त्यामुळे आम्ही 1 चीच प्रत मागून घेतली.